संगणक घरी, आपण गावी

दिवाळी अंकांची कामं ऐन भरात येतात ती श्रावण-भाद्रपदात. मजकूर लागत असतो, मुद्रितं तपासून होत असतात, जाहिराती उशिरा येत असतात, आणि नेमकं त्याच दिवसांत अक्षरजुळणी करणाऱ्या माणसाला गणपतीसाठी कोकणात जायचं असतं. निघताना तो सगळं काम पेनड्राइव्हवर भरून घेतो. गुहागरला किंवा कुडाळला पोचल्यावर भाच्याच्या लॅपटॉपवर फाइल उघडायला जातो, तर ती उघडतच नाही. कुठून तरी सॉफ्टवेअर मिळवून उघडली, तर मराठीच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा खच. फाइल बिघडलेली नसते. पेजमेकर या पानं लावण्याच्या सॉफ्टवेअरमधली मराठी पानं युनिकोडमध्ये नसतात. त्यांच्यासाठी वापरलेल्या फाँटमध्ये रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरी आकार बसवलेले असतात. तो फाँट, ते पेजमेकर आणि कित्येकदा यूएसबीला लावलेलं सॉफ्टवेअरचं लॉक हे सगळं पुण्यातल्या टेबलावरच राहिलेलं असतं.

म्हणून बाहेरगावाहून घरच्या संगणकाशी जोडून घ्यायचे उपाय शोधण्याआधी एक गोष्ट ठरवावी लागते. आपल्याला नुसती फाइल हवी आहे, की ती उघडणारा तो संगणकच हवा आहे? ज्याला एक पीडीएफ पाहायची आहे त्याने त्यासाठी संगणक दिवसरात्र चालू ठेवायचं कारण नाही. ज्याला पेजमेकर हवं आहे, किंवा ऑफिसातल्या संगणकावर बसवलेलं टॅली हवं आहे, त्याला गूगल ड्राइव्हवर चढवलेल्या फाइलचा उपयोग नाही. लोक बहुधा हा प्रश्न टाळून कुणीतरी सुचवलेलं ॲप उतरवतात आणि गावी गेल्यावर अडकतात.

नुसती फाइल हवी असेल तर काम सोपं आहे. ती घरून आणायला जाण्यापेक्षा आधीच दुसरीकडे ठेवलेली बरी. ड्रॉपबॉक्सची कल्पना याच गरजेतून आली. ड्रू ह्यूस्टनने स्वतः सांगितलेली हकिकत अशी, की बॉस्टनहून न्यूयॉर्कला जाणाऱ्या बसमध्ये बसल्यावर त्याला पेनड्राइव्ह घरी राहिल्याचं कळलं आणि त्या प्रवासातच त्याने कोड लिहायला घेतला. २००७ साली त्याने आणि अराश फरदौसीने मिळून कंपनी काढली. २०१२ मध्ये गूगल ड्राइव्ह आलं. आज गूगल १५ जीबी जागा फुकट देतं, पण त्यातच आपले मेल आणि फोटोही मोजले जातात. वनड्राइव्ह आणि आयक्लाउड ५ जीबी देतात. कागदपत्रं, हिशेब, लेख यांना एवढं पुरतं. आधार किंवा वाहन परवान्यासारख्या कागदांसाठी तर तेवढीही गरज नाही, ते डिजिलॉकरमध्ये असतात.

या सेवांबद्दल दोन गैरसमज मात्र महागात पडतात. पहिला असा, की ड्राइव्हवर आहे म्हणजे बॅकअप आहे. या सेवा सगळ्या प्रती एकमेकींशी जुळवत राहतात. घरच्या फोल्डरमध्ये केलेला बदल काही क्षणांत फोनवर आणि लॅपटॉपवर पोचतो, आणि चुकून पुसलेलं फोल्डरही तेवढ्याच वेगाने सगळीकडून पुसलं जातं. गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये ते ३० दिवस राहतं, नंतर जातं. त्यामुळे महत्त्वाच्या कामाची एक प्रत सुट्या हार्डडिस्कवर, कशालाही न जोडलेली, घरात असावीच. दुसरा गैरसमज फोल्डरमध्ये दिसणाऱ्या नावांचा. वनड्राइव्ह जागा वाचवण्यासाठी पुष्कळदा फाइलचं फक्त नाव संगणकावर ठेवतं. नावाशेजारी ढगाचं चिन्ह असेल तर फाइल तिथे नाही, इंटरनेट मिळालं तरच ती उतरेल. कोकण रेल्वेच्या बोगद्यांत काम करायचं मनात असेल तर निघण्याआधी त्या फाइलवर राइट क्लिक करून ती कायम संगणकावर ठेवण्याचा पर्याय निवडावा.

ज्यांना आपल्या फाइली कुठल्याच कंपनीच्या सर्व्हरवर ठेवायच्या नाहीत, म्हणजे वकील, डॉक्टर, करसल्लागार, त्यांच्यासाठी सिंकथिंग नावाचं मुक्त सॉफ्टवेअर आहे. ते आपल्याच दोन संगणकांमधली फोल्डरं थेट एकमेकांशी जुळवतं, मधे कुणाकडे प्रत राहत नाही. अट एवढीच, की दोन्ही संगणक कधीतरी एकाच वेळी चालू असले पाहिजेत. अशिलांची कागदपत्रं सांभाळणाऱ्या माणसाने निदान हे एकदा वापरून पाहावं असं मला मनापासून वाटतं.

आता संगणकच हवा असेल तर काय? ही गरज फार जुनी आहे. इंटरनेटच्या पूर्वजाचा, आर्पानेटचा, अगदी पहिला वापर याचसाठी झाला. २९ ऑक्टोबर १९६९ च्या रात्री लॉस एंजेलिसमधल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातला विद्यार्थी चार्ली क्लाइन शेकडो किलोमीटर दूर असलेल्या स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतल्या संगणकावर लॉगइन करू पाहत होता. एल गेलं, ओ गेलं आणि पलीकडची यंत्रणा बंद पडली. सुमारे तासाभराने लॉगइन पुरं झालं. हा प्रसंग नेहमी इंटरनेटवरचा पहिला संदेश म्हणून सांगितला जातो. पण क्लाइनला कुणाला निरोप धाडायचा नव्हता, त्याला दूरचा संगणक वापरायचा होता.

पुढची पंचवीसएक वर्षं हे काम मुख्यतः टेलनेटवर चाललं. टेलनेटमध्ये टाइप केलेलं सगळं, पासवर्डसुद्धा, उघड्या अक्षरांत जायचं. वाटेत कान लावून बसलेल्या कुणालाही ते वाचता यायचं. १९९५ मध्ये हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर असेच पासवर्ड चोरले गेले, तेव्हा तिथल्या तातू यूलनेन याने सगळं संभाषण कूटबद्ध करणारा एसएसएच बनवला. टेलनेटचा पोर्ट, म्हणजे सेवेच्या दाराचा क्रमांक, २३, फाइली पाठवणाऱ्या एफटीपीचा २१. या दोन्हींची जागा घ्यायची म्हणून त्याने मधला २२ मागितला आणि तो त्याला मिळाला. जगभरचे सर्व्हर आजही त्याच पोर्टवरून चालवले जातात.

एसएसएचमध्ये आज्ञा टाइप कराव्या लागतात. खिडक्या आणि माउस असलेला आख्खा पडदा दूर नेण्याचं काम केंब्रिजमधल्या ऑलिव्हेटी संशोधन प्रयोगशाळेत व्हीएनसीने केलं, आणि १९९८ मध्ये ते जगाला फुकट मिळालं. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने विंडोज एनटीच्या टर्मिनल सर्व्हर आवृत्तीत आरडीपी आणलं. विंडोजमधलं रिमोट डेस्कटॉप म्हणतात ते हेच. दोन्हींत मुळातली कल्पना सारखी आहे. पडद्याचा जेवढा भाग बदलला तेवढाच इकडे येतो, आणि आपण दाबलेली कळ किंवा हलवलेला माउस तिकडे जातो. फाइल जागची हलत नाही. २ जीबीचं काम मोबाइलच्या २ एमबीपीएस वेगाने उतरवायला सव्वादोन तास लागतील, पण तेच काम पुण्यातल्या पडद्यावर उघडून दोन ओळी दुरुस्त करायला तेवढा वेग चालून जातो. अक्षरजुळणीवाल्याची अडचण इथे सुटते. फाँट, पेजमेकर, लॉक सगळं जागच्या जागी राहतं, तो फक्त पडदा पाहतो. काही सॉफ्टवेअर मात्र रिमोट जोडणी ओळखून चालायला नकार देतात. आपलं त्यातलं आहे का, हे निघण्याआधीच कळायला हवं.

मराठी टायपिंगची एक खुबी इथेच सांगतो, कारण ती कुठे सहसा लिहिलेली सापडत नाही. गावातल्या लॅपटॉपवर कीबोर्ड इंग्रजीच ठेवावा आणि मराठी कीबोर्ड पुण्यातल्या संगणकावर चालू करावा. दोन्हीकडे मराठी चालू राहिलं तर कळांची उलटापालट होते आणि मात्रा, जोडाक्षरं भलतीकडे जातात.

विंडोज वापरणाऱ्यांना आणखी एक माहिती हवी. रिमोट डेस्कटॉपने जोडून घ्यायचं तर घरच्या संगणकावर विंडोजची प्रो आवृत्ती लागते, होम आवृत्ती दुसऱ्याला आत घेत नाही. दुकानातून घेतलेल्या घरगुती लॅपटॉपवर बहुधा होमच असते. शिवाय आरडीपीने आत गेलं की घरच्या पडद्यावर लॉक दिसतं, तर एनीडेस्क किंवा क्रोम रिमोट डेस्कटॉपसारख्या साधनांत आपण करत असलेलं काम घरच्या पडद्यावरही दिसत राहतं. मॉनिटर बंद करून निघणं हा त्यावर साधा उपाय.

हे सगळं पंचवीस वर्षांहून जुनं आहे, तर मग अजूनही अडचण का येते? पत्त्यामुळे. इंटरनेटवरचे जुन्या पद्धतीचे पत्ते, म्हणजे आयपीव्ही४, एकूण सुमारे ४२९ कोटीच आहेत. त्यांचे शेवटचे मोठे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपले. म्हणून घरातल्या सगळ्या यंत्रांना मिळून एकच बाहेरचा पत्ता दिला जातो, आणि आत १९२.१६८ ने सुरू होणारे खाजगी पत्ते राउटर वाटतो. राउटर म्हणजे एखाद्या सोसायटीच्या फाटकावरचा वॉचमन समजा. आतून कुणी बाहेर पार्सल मागवलं असेल तर तो नोंद पाहून ते नेमक्या फ्लॅटवर धाडतो. कुणी न बोलावता आलं आणि फ्लॅटचा क्रमांक सांगितला नाही, तर तो त्याला फाटकातूनच परत पाठवतो. घरच्या संगणकाकडे बाहेरून जायचं म्हणजे आपण हा न बोलावलेला पाहुणा असतो.

आपल्याकडे या फाटकाबाहेर बहुधा आणखी एक फाटक असतं. मोबाइल कंपन्या आणि अनेक स्थानिक ब्रॉडबँडवाले शेकडो घरांना मिळून एकच पत्ता वापरतात. या पद्धतीला सीजीनॅट म्हणतात, आणि त्यासाठी २०१२ मध्ये १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते राखून ठेवले गेले. राउटरच्या पानावर वॅन आयपी या नावाने दिसणारा पत्ता यांतला किंवा १० ने सुरू होणारा असेल, तर आपण सीजीनॅटच्या आत आहोत. मग आपल्या राउटरमध्ये काहीही बदललं तरी बाहेरचा माणूस आपल्यापर्यंत पोचू शकत नाही. यूट्यूबवरच्या व्हिडिओत पाहून पोर्ट फॉरवर्डिंग करणाऱ्यांचे तास या एका कारणाने वाया जातात. आयपीव्ही६ या नव्या पत्त्यांच्या वापरात भारत जगात आघाडीवर आहे, तरीही घरचा राउटर बाहेरून आलेली जोडणी अडवतोच, आणि ते योग्यच आहे.

पोर्ट फॉरवर्डिंग जमत असलं तरी करू नये, याबद्दल मला जराही शंका नाही. पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे राउटरला दिलेला कायमचा हुकूम, की बाहेरून अमुक क्रमांकावर येईल त्याला थेट आत सोड. आरडीपीचा क्रमांक ३३८९. इंटरनेटवर हा क्रमांक उघडा असलेले संगणक शोधत फिरणारे प्रोग्रॅम दिवसरात्र चालू असतात, आणि सापडलेल्या संगणकावर पासवर्ड आजमावत राहतात. मे २०१९ मध्ये आरडीपीत ब्लूकीप नावाचं छिद्र सापडलं. त्यात पासवर्डही न देता आत शिरता येत होतं. ते इतकं घातक होतं की मायक्रोसॉफ्टने आधार काढून घेतलेल्या विंडोज एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती काढली. त्याच्या दोन वर्षं आधी, मे २०१७ मध्ये, वॉनाक्राय हा खंडणीखोर प्रोग्रॅम जगभर पसरला तो विंडोजच्या फाइल शेअरिंगमधल्या छिद्रातून, ४४५ क्रमांकाच्या पोर्टवरून. लहान ऑफिसांतल्या हिशेबाच्या फाइली खंडणीखोरांनी कुलूपबंद केल्याच्या घटनांत उघडा ठेवलेला रिमोट डेस्कटॉप वारंवार सापडतो. ज्यांचं पोट त्या हिशेबावर चालतं, त्यांच्यावर ही वेळ येऊ नये.

मग उपाय असा, की घरच्या संगणकानेच आतून बाहेर जोडणी करावी आणि ती धरून ठेवावी. वॉचमन आतून बाहेर जाणाऱ्याला अडवत नाही. टीमव्ह्यूअर, एनीडेस्क, क्रोम रिमोट डेस्कटॉप ही सगळी साधनं याच तत्त्वावर चालतात. घरचा संगणक कंपनीच्या सर्व्हरशी बोलत राहतो, आपण बाहेरून त्याच सर्व्हरकडे जातो, आणि तो दोघांची गाठ घालून देतो. जमेल तिथे पुढची जोडणी थेट होते, नाही तर मजकूर कूटबद्ध होऊन सर्व्हरमार्गे जातो. क्रोम रिमोट डेस्कटॉप फुकट आहे, त्याला गूगल खातं आणि किमान सहा अंकी पिन लागतो, आणि ते विंडोजच्या होम आवृत्तीवरही चालतं. वर्षातून दोनचारदा गरज पडणाऱ्याने याहून जास्त काही करू नये, असं माझं मत आहे.

ज्याला हे नेहमी लागतं, त्याने मात्र वायरगार्ड या कूटबद्ध जोडणीच्या सॉफ्टवेअरवर आधारलेलं खाजगी नेटवर्क उभारावं. जेसन डोननफेल्ड याने लिहिलेला वायरगार्ड जेमतेम चार हजार ओळींचा आहे. इतक्या कमी ओळी तपासणं शक्य असतं, म्हणूनच त्याच्यावर विश्वास बसला, आणि मार्च २०२० मध्ये तो लिनक्सच्या गाभ्यात घेतला गेला. स्वतः तो बसवायला थोडी मेहनत लागते. टेलस्केल ही सेवा ती मेहनत वाचवते. घरच्या आणि बरोबरच्या यंत्रांवर एकाच खात्याने लॉगइन केलं, की त्यांना एकमेकांसाठी १०० ने सुरू होणारे कायमचे पत्ते मिळतात आणि ती जणू एकाच घरात असल्यासारखी वागतात. कूटबद्ध करण्याच्या किल्ल्या आपापल्या यंत्रावरच राहतात, कंपनीच्या सर्व्हरकडून फक्त ओळखपाळख होते. या नेटवर्कच्या आतून आरडीपी वापरा, फोल्डर उघडा, घरच्या प्रिंटरला छपाईचा हुकूम द्या. बाहेरच्या जगाला एकही पोर्ट उघडा दिसत नाही. घरगुती वापरासाठी ते फुकट आहे.

वाटा इतक्या असल्या तरी बाहेरगावी गेल्यावर बहुतेकांची फजिती होते ती विजेमुळे. संगणक झोपला, तर कुठलंच साधन चालत नाही. म्हणून निघताना पॉवर सेटिंगमध्ये स्लीप बंद करावं. वीज जाऊन आली की संगणक आपोआप सुरू व्हावा यासाठी बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, एक पर्याय असतो, तो चालू करावा. आणि राउटर व त्याच्याशेजारचा फायबरचा डबा, दोन्ही इन्व्हर्टरवर असावेत. ६० वॅट खाणारा डेस्कटॉप महिनाभर अखंड चालला तर ४३ युनिट जळतात. हे नको असेल तर संगणक झोपलेला ठेवून गरजेपुरता जागा करता येतो. वेक-ऑन-लॅन या सोयीत १०२ बाइटचा एक छोटा निरोप धाडला जातो. त्यात आधी ठरावीक सहा बाइट आणि मग त्या संगणकाच्या नेटवर्क कार्डाचा क्रमांक सोळा वेळा. तो ओळखण्यापुरतं कार्ड झोपेतही जागं असतं. मात्र हा निरोप घरातल्याच दुसऱ्या यंत्राने द्यावा लागतो, आणि संगणक वायरने जोडलेला असेल तर भरवसा जास्त. पाचएक वॅटवर चालणारा रास्पबेरी पाय हा छोटा संगणक घरी चालू ठेवून त्याच्याकडून हे करून घेणारे हौशी लोक आहेत. त्यांचा मार्ग मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो.

अंतर फार असेल तर आणखी एक मर्यादा येते, आणि तिच्यावर पैसे टाकून उपाय नाही. न्यू जर्सीत राहणारी मुलगी पुण्यातल्या संगणकावर टाइप करते तेव्हा दाबलेली कळ सुमारे साडेबारा हजार किलोमीटर जाते आणि पडद्यावरचं अक्षर तेवढंच परत येतं. काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर धावतो, म्हणजे सरळ रेषेत केबल असती तरी सव्वाशे मिलिसेकंद लागलेच असते. प्रत्यक्षात दोनशेच्या वर जातात. पत्र लिहायला चालतं, फोटो रंगवायला किंवा व्हिडिओ कापायला चालत नाही. असं काम फाइल उतरवून आपल्या हातातल्या संगणकावरच करावं.

परदेशातल्या मुलांकडून या साधनांचा सर्वांत जास्त वापर होतो तो आईबाबांचा संगणक दुरुस्त करून द्यायला. चोरही तीच वाट वापरतात. बँकेतून बोलतोय, केवायसी संपलंय, एवढं ॲप उतरवा आणि त्यावर दिसणारा क्रमांक सांगा, असा फोन येतो. क्रमांक सांगून परवानगी दिली की फोनचा पडदा चोराच्या हातात, आणि त्यावर येणारा ओटीपीसुद्धा. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच एनीडेस्कच्या अशा गैरवापराबद्दल बँकांना सावध केलं होतं. ॲपचा त्यात दोष नाही, पण घरातल्या ज्येष्ठांना एक नियम पाठ करून द्यावा: पडदा दाखवायचा तो फक्त आपण स्वतः फोन लावलेल्या घरच्या माणसाला. विंडोजमध्ये क्विक असिस्ट आधीच बसवलेलं असतं, त्यामुळे त्यांच्याकडून वेगळं ॲप उतरवून घ्यावं लागत नाही. पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनला फोन करावा. जितक्या लवकर कळवलं जातं, तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

निघण्याच्या आदल्या दिवशी घरीच एक चाचणी घ्यावी. बरोबर न्यायचा लॅपटॉप घरच्या वायफायवरून काढून मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडावा आणि घरच्या संगणकात शिरून पाहावं. घरच्या वायफायवरून चाचणी घेतली तर ती खोटी ठरते, कारण तेव्हा दोन्ही यंत्रं फाटकाच्या आतच असतात. मग घरचा संगणक रीस्टार्ट करून, त्यावर कुणी लॉगइन न करता, पुन्हा एकदा जोडून पाहावं. रात्री विंडोज अपडेट होऊन संगणक सुरू होतो तेव्हा नेमकी हीच स्थिती असते. गूगलच्या दोन टप्प्यांच्या पडताळणीसाठी मिळणारे दहा बॅकअप कोड कागदावर छापून पाकिटात ठेवावेत. परदेशात भारतीय सिमवर ओटीपी आला नाही, किंवा फोनच हरवला, तर खात्यात शिरायला तेच उपयोगी पडतात. सायबर कॅफेतल्या किंवा हॉटेलच्या लॉबीतल्या संगणकावरून घरच्या संगणकात कधीही शिरू नये, दाबलेली प्रत्येक कळ तिथे नोंदली जात असू शकते. आणि बरोबरचा लॅपटॉप प्रवासात हरवला, तर पोलिसांत तक्रार देण्याच्याही आधी फोनवरून गूगल किंवा टेलस्केलच्या खात्यात जाऊन, यंत्रांच्या यादीतून त्याचं नाव काढून टाकावं.